उष्टी हळद

नीरजाला आंघोळ घालताना शरयू कोपरापर्यंत येणारे निळे रबरी हातमोजे घालत असे. मुलगी सात वर्षांची झाली होती, आणि आंघोळीच्या वेळी सगळ्याच आयांचे हात निळे होतात अशी तिची बरेच दिवस समजूत होती. आंघोळ झाली की तिने स्वतःच्या पंच्याने स्वतःच अंग पुसायचे. ती पूर्ण कोरडी झाली की शरयू मोजे काढून तिला जवळ घेई. कोरड्या मिठीला परवानगी होती.

एवढे मिळाले हेही पुष्कळ होते.

नीरजा जन्मतःच अपुरी प्रतिकारशक्ती घेऊन आली होती. त्वचेवर वस्ती करणारे साधे विषाणू सगळ्यांनाच कधी ना कधी भेटतात. एखादी चामखीळ येते, तापानंतर ओठाच्या कडेला पुळी उठते, आणि शरीर आपले आपण ते निस्तरते. नीरजाच्या शरीराला हे जमत नव्हते. चार वर्षांची असताना तिच्या बोटांवर चामखिळींचे थर चढले होते, पेन्सिल धरता येत नव्हती. गळ्याभोवती मोत्यांसारख्या पुळ्या दाटल्या होत्या. त्यातच एकदा ओठावरची साधी पुळी दोन दिवसांत चेहराभर पसरली आणि भाजल्यासारखी कातडी सुटून आली. तेव्हा ती वाचली, पण पुन्हा असे झाले तर वाचेल याची खात्री कोणीच देत नव्हते. मिरजेतल्या त्यांच्या इमारतीत ती लिफ्टमध्ये आली की बायका आपापल्या मुलांना घेऊन जिन्याने जात.

डॉ. हेमांगी किणीकरांनी मात्र पहिल्याच भेटीत हात धुतले, नीट कोरडे केले आणि नीरजाचा चेहरा आपल्या उघड्या तळव्यांत धरला. त्या दिवसापासून शरयूचा त्यांच्यावर विश्वास बसला तो बसलाच.

"हिच्या कातडीला रिकामी खोली समजा," किणीकर म्हणाल्या होत्या. "कुलूप नाही. कोणीही येतो आणि राहतो. आपण काय करायचं, आपला एक गरीब भाडेकरू आधीच ठेवून द्यायचा."

त्या भाडेकरूचे नाव त्यांनी 'राखण' ठेवले होते. तो मुळात त्या मोत्यांसारख्या पुळ्या आणणारा विषाणूच होता. हा विषाणू कातडीच्या अगदी वरच्या थरात राहतो, रक्तात उतरत नाही. शिवाय त्याच्यात एक विलक्षण गुण असतो. तो ज्या पेशीत शिरतो तिला ओरडू देत नाही. आपल्या कातडीला काही टोचले, काही शिरले, की ती लाल होते, सुजते, खाजते. ती तिची आरोळी असते. ती ऐकून रक्तातल्या रक्षक पेशी धावत येतात. हा विषाणू ती आरोळीच बंद करतो आणि गुपचूप राहतो. किणीकरांच्या गटाने त्यातला पुळ्या आणणारा भाग काढून टाकला आणि दुसऱ्या विषाणूंना पेशीचे दार बंद करणारा एक भाग जोडला. गप्प राहण्याचा गुण थोडा ठेवावा लागला, नाहीतर नीरजाच्या अंगात जी काही ताकद होती तिने त्याला हाकलून दिले असते.

"आणि त्याने खोली सोडलीच नाही तर?" शरयूचा नवरा श्रीधर म्हणाला होता. "आमच्या मामांनी असाच एक गरीब भाडेकरू ठेवला होता. मामा गेले, भाडेकरू आहे."

किणीकर मनापासून हसल्या. "म्हणून तर करारात कलम घातलंय. त्याच्यात आम्ही एक जागा मुद्दाम कच्ची ठेवली आहे. ठरावीक गोळी दिली की तो त्या जागी मोडतो आणि मरतो. परतीचं औषध म्हणा. बाकी निरोगी माणसाला तो लागला तरी पंधरा-वीस दिवसांत शरीर त्याला काढून टाकतं. पसरतो फक्त ओल्यातून. तेल, साबण, ओला टॉवेल. तेवढं सांभाळा."

दंडावर राखणेचा लेप चढला आणि नीरजाची बोटे मोकळी झाली. ती शाळेत जाऊ लागली. पेन्सिल धरून तिने पहिले चित्र काढले ते निळ्या हातांच्या बाईचे.

*

उन्हाळ्यात श्रीधरच्या धाकट्या भावाचे, केदारचे लग्न ठरले. मुलगी सांगलीची, मुक्ता. तिचे वडील बाळासाहेब मगदूम हळदीचे व्यापारी. बैठकीतच त्यांनी सांगून टाकले होते, "आमचं काही मागणं न्हाई. पण उष्टी हळद खरी आली पायजे. हल्ली लोक पुडी फोडून वाटीत कालवतात आन् पाठवतात. हळदीत आयुष्य गेलंय माझं. नवऱ्या मुलाच्या अंगाची हळद कुठली आन् डब्यातली कुठली, वासावरून सांगीन मी."

"हळदीच्या गोदामात हळद पाठवायची," केदार हळूच म्हणाला, "म्हणजे आपण समुद्राला पाणी प्यायला बोलावतोय."

नीरजा करवली होणार होती. सासूबाईंचा तसा हट्टच होता. "एवढी वर्षं कुणी पोरीला कशाला बोलावलं नाही. माझ्या घरच्या कार्यात ती कोपऱ्यात बसणार नाही." शरयूने डॉक्टरांना विचारून वाट काढली. नीरजाला वेगळी वाटी, वेगळी आंब्याची पाने. पानाने लांबून काकाच्या पायाला हळद लावायची, बस्स.

नीरजाने दोन पावलांना लावली आणि मग तिला राहवेना. पान टाकून तिने वाटीत हात बुडवला. शरयू पुढे होईपर्यंत काकाच्या दोन्ही गालांवर पिवळे पंजे उठले होते. मांडवातल्या बायका हसल्या. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आले. शरयूने नीरजाचे हात धुतले, केदारला तोंड धुवायला लावले आणि ती वाटी बाजूला टाकून द्यायला ठेवली.

ती परत आली तेव्हा वाटी रिकामी होती.

"आई, नीरूच्या वाटीतली हळद?"

"घेतली की उष्ट्या हळदीत," सासूबाई म्हणाल्या. "सगळ्या वाट्यांतली खरवडून घेतात. मुलाला लावलेली हळद टाकतात का कुठे? अवलक्षण." सवाष्णींना घेऊन निघालेली गाडी तोवर सांगलीच्या रस्त्याला लागली होती.

शरयूने तिथूनच किणीकरांना फोन लावला. त्या शांतपणे म्हणाल्या, "निरोगी घर आहे ना? मग लग्नाच्या गडबडीत त्यांना कळणारही नाही. शरीर काढून टाकेल. तुम्ही निवांत जेवा."

शरयू निवांत जेवली.

*

मुक्ता बडबडी होती. आल्याबरोबर तिने घर आपलेसे केले. तिच्या कातडीला असे काही तेज आले होते की सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत, "सांगलीची हळद!" मुक्ताला हळद लावायला बसलेल्या तिच्या मावशीच्या कोपरांवरचा बरीच वर्षे जुना इसब तेव्हापासून दिसेनासा झाला होता. केदारला तर दाढी केल्यावर येणाऱ्या पुटकुळ्याही आता येत नव्हत्या.

पावसाळा सरत आला. संध्याकाळी गॅलरीत बसले की डासांचे ढग येत. श्रीधर, शरयू पाय आपटत, हात चोळत. मुक्ता निवांत वाटाणे सोलत बसे.

"तुला चावत नाहीत का गं?" शरयूने विचारले.

"चावतात की. खाजत नाही."

"गोड रक्त," श्रीधर म्हणाला. "डास खाल्ल्या साखरेला जागतात."

तेव्हा सगळे हसले. त्याच आठवड्यात शरयूचा खांदा आखडला, आणि मुक्ताने तिला जबरदस्तीने पाटावर बसवून खोबरेल तेलाने मानेपासून बोटांपर्यंत हात चोळून दिला. "ताई, तुम्ही सगळ्यांचं करता. तुमचं कोण करतं?" ती म्हणाली. बऱ्याच दिवसांत शरयूला कोणी असे ओल्या हाताने शिवले नव्हते. ती डोळे मिटून बसली.

दसरा झाला आणि मुक्ताचे वडील बाळासाहेब गेले.

गोदामात पोते ओढताना लोखंडी आकडा त्यांच्या तळहातात, उष्टी हळद चोळून तिचा वास घेतला होता त्याच तळहातात, रुतला होता. जखम लहान, वर हळद दाबली आणि ते विसरून गेले. सुजले नाही, लाल झाले नाही, ठणकलेही नाही. "बघ, आपल्या मालाचा गुण," असे त्यांनी मुक्ताला फोनवर हसून सांगितले होते. मग एका दुपारी त्यांना हुडहुडी भरली. दवाखान्यात नेले तेव्हा सगळ्या रक्तात विष पसरले होते. डॉक्टर तो तळहात पुन्हा पुन्हा उलटसुलट करून पाहत होते. एवढे विष ज्या वाटेने आत गेले ती वाट नुकतीच धुतल्यासारखी स्वच्छ होती.

मुक्ता माहेरून परतली ती गप्प होऊन. गॅलरीत तिच्याशेजारी बसलेल्या शरयूने पाहिले, मुक्ताच्या मनगटावर एक डास फुगेपर्यंत रक्त पिऊन उडाला. रक्ताचा ठिपका राहिला. शरयू त्या जागेकडे पाहत राहिली. पुष्कळ वेळ गेला. तिथे काहीच उठले नाही.

नीरजालाही राखण आल्यापासून डास चावून कधी गांध उठली नव्हती.

तळहाताला आकडा लागतो आणि तळहात ओरडत नाही. शरयूने किणीकरांना फोन लावला.

*

"राखणच आहे," मुक्ताच्या कातडीचा नमुना तपासून किणीकर म्हणाल्या. नेहमीसारख्या त्या हसत नव्हत्या. समोर फक्त शरयू आणि श्रीधर होते.

"पण तुम्ही म्हणाला होतात, निरोगी शरीर काढून टाकतं," शरयू म्हणाली.

"आपण लावला होता तो काढून टाकला असता. हा तो राहिला नाही." त्या टेबलावरच्या पेपरवेटशी चाळा करत राहिल्या. "नीरजाला आपण दर महिन्याला दुसऱ्यांच्या रक्तातली प्रतिद्रव्यं देतो. ती तिला हवीतच. पण ती म्हणजे अर्धी ताकद. पूर्ण ताकद असती तर विषाणू मेला असता. अजिबात नसती तर त्याला काही शिकायची गरज पडली नसती. आपण त्याला वर्षभर अर्ध्या ताकदीने मारत राहिलो. प्रत्येक वेळी जे थोडे वाचले ते लपण्यात जास्त हुशार होते. नीरजाच्या अंगावर त्याची शाळा भरली म्हणा. आणि हळदीतून तो बाहेर पडला."

"मग तो बाहेरही राखणच करत असेल की," श्रीधर म्हणाला. "वाईट काय त्यात?"

"बाहेर त्याने ओझं टाकलं. दुसऱ्या विषाणूंना अडवणारा भाग आपण जोडलेला. त्याला स्वतःला त्याचा काही उपयोग नव्हता. मुक्ताच्या कातडीत तो भाग नाहीच." त्यांनी वर पाहिले. "राखण गेली. नुसती शांतता राहिली."

खिडकीबाहेर कोणीतरी फटाक्यांची माळ वाजवून पाहत होते. दिवाळी चार-पाच दिवसांवर आली होती. शरयूच्या मनात आले, या आठवड्यात घरोघर बायका तेल कोमट करतील. आई मुलांना, बहिणी भावांना, बायका नवऱ्यांना. चोळून चोळून.

"परतीचं औषध?" तिने विचारले.

"मुक्ताला, केदारला, मावशींना, तुम्हा सगळ्यांना देणार. जिथे जिथे ती हळद गेली तिथे. पण नीरजाला आधी. तिच्या अंगावर तो रोज नव्याने घडतोय. उगम तसाच ठेवून खाली बांध घालण्यात अर्थ नाही." किणीकरांनी पेपरवेट बाजूला सरकवला. "माझ्याकडे राखण लावलेली आणखी मुलं आहेत, शरयू. त्यांच्याही आईवडिलांना मला हेच सांगायचंय. जबरदस्ती करता येणार नाही. हो तुम्ही म्हणायला हवं."

घरी आल्यावर श्रीधरने दार लावले. मग म्हणाला, "बाळासाहेब गेले ते राखणेमुळेच, हे सिद्ध झालंय का? नाही. डासाची गांध उठली नाही म्हणून मी माझ्या पोरीच्या अंगावरचं चिलखत काढू?"

"मुक्ता आपल्याच घरात आहे."

"नीरू माझ्या पोटची आहे!"

"आणि माझ्या?" शरयू म्हणाली.

तो खाली बसला. "तो चेहरा आठव," तो म्हणाला. "सोलून निघालेला. आठव आणि मग हो म्हण."

ती तो चेहरा विसरलीच नव्हती. नीरजाला विचारायची हिंमत होत नव्हती, म्हणून शरयूने तिला जवळ बसवून सगळे जमेल तसे नुसते सांगितले. भाडेकरू, गोळी, चामखिळी. नीरजाने ऐकून घेतले आणि स्वतःच्या बोटांकडे पाहिले.

"परत येणार का त्या?"

"येतील बहुतेक. आपण दुसरं काहीतरी औषध शोधू."

"मग तू मोजे घालायचे नाहीत ना?"

शरयूने तिची बोटे आपल्या हातात घेतली. तिने होकाराची मान हलवली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने किणीकरांना हो म्हणून सांगितले.

*

गोळ्या सगळ्यांनीच घेतल्या. किणीकरांनी दोन गोष्टी बजावून सांगितल्या होत्या. मुक्ताच्या नमुन्यात ती कच्ची जागा अजून शाबूत आहे की नाही याचा तपास पुण्याच्या प्रयोगशाळेत चालू होता. उत्तर दिवाळीनंतर येणार होते. तोवर घरात कोणी कोणाला तेल लावायचे नाही. सासूबाईंनी कुरकुर केली, पण उटण्याचा डबा वर ठेवून दिला.

नरक चतुर्दशीच्या आदल्या संध्याकाळी गॅलरीत पणत्या लावताना नीरजा एकदम ओरडली, "आई, चावलं!"

तिच्या दंडावर लाल, टचटचीत गांध उठली होती. ती कराकरा खाजवत होती. श्रीधर धावत आला, त्याने दिव्याजवळ धरून ती गांध पाहिली आणि लहान मुलासारखा हसला. मुक्ता कित्येक दिवसांनी हसली. सासूबाईंनी तर डासाला औक्ष चिंतिले. "गेला गं बाई, भाडेकरू गेला!" किणीकरांना फोन केला, त्याही म्हणाल्या, नीरजाच्या अंगावरून तो गेलाच समजा.

पहाटे इमारतीत नळ सुटले. घराघरातून बादल्यांचे आवाज, उटण्याचा वास. शरयूने नीरजाला उठवले. न्हाणीघराच्या खुंटीवर निळे मोजे लटकत होते. तिने त्यांच्याकडे पाहिले आणि ते तिथेच राहू दिले. तेल लावायचे नाही असे डॉक्टर म्हणाल्या होत्या, ते तिला आठवत होते. पण ते मुक्तासाठी, केदारसाठी. नीरू तर आता स्वच्छ होती. मोजे होते ते नीरूपासून जपण्यासाठी. वर्षभर रोज सकाळी ते चढवताना तिच्या हातांना एवढेच ठाऊक झाले होते.

तिने डब्यातले उटणे काढले, तेल कोमट केले आणि उघड्या हातांनी मुलीच्या पाठीवर पहिला हात फिरवला.

नीरजा शहारली आणि खिदळली. "आई, तुझे हात गरम आहेत!"

"आहेत ना?"

"आणि खरखरीत!"

शरयूने तिचे खांदे चोळले, गळा चोळला, जिथे पूर्वी मोत्यांची रांग होती. एकेक बोट तेलात घोळले. चेहरा दोन्ही तळव्यांत धरला. उटण्याचा पिवळा हात गालांवर उमटला तेव्हा तिला लग्नाचा मांडव आठवला, पण ते मनात फार वेळ राहिले नाही. तिने केसांत तेल जिरवले.

झरोक्यातून आलेला एक डास तिच्या मनगटावर बसला. हात तेलकट होता, तरी त्याला जागा सापडली. दोन्ही हात गुंतले होते, म्हणून तिने त्याला पिऊ दिले. तो जड होऊन उडाला. रक्ताचा बारीक थेंब राहिला. तो तिने कोपराने पुसला आणि पुन्हा चोळायला लागली.

मग तिचे हात मंदावले.

मनगट ती दिव्याच्या उजेडात घेऊन गेली. वाट पाहिली. जागा शोधावी लागली, कारण तिथे काहीच नव्हते. ना लाली, ना फुगवटा. खाजेचा मागमूस नाही. तिने त्या जागी नख रुतवले, जोरात. नखाची खूण उमटली आणि तशीच राहिली, पांढरी, तिच्याभोवती लाल कड धरली नाही. मुक्ताने चोळून दिलेला हाच तो हात. गोळ्या तिनेही घेतल्या होत्या, सगळ्या.

पुण्याहून येणारे उत्तर तिच्या मनगटावर आधीच आले होते.

समोर पाटावर मुलगी पाठमोरी बसली होती. डोक्यापासून पायापर्यंत तेलाने चकाकणारी, आईच्या हातांनी न्हालेली. तिच्या अंगावर आता राखण नव्हती.

बाहेर कोणीतरी पहिला फटाका उडवला. भिंतीपलीकडून शेजारच्या बाईचा आवाज आला, ती मुलाला म्हणत होती, हलू नको रे, अजून पाठ राहिली आहे.

"आई, थांबलीस का?" नीरजा म्हणाली. "अजून लाव ना."